चौथा परिच्छेद

सही झाकलेली होती. झेरॉक्स काढताना कुणीतरी तिच्यावर कागदाची पट्टी ठेवली असणार. पण पट्टी आखूड पडली आणि शेवटच्या अक्षराची शेपटी तेवढी खालून बाहेर राहिली. ती शेपटी माझी होती. चौतीस वर्षं हजेरीपटांवर, गुणपत्रकांवर, रजेच्या अर्जांवर मी ती ओढत आलो. आरशात स्वतःचं तोंड मी इतक्या वेळा पाहिलेलं नाही, आणि पाहिलं तेव्हा इतकं समाधानही झालेलं नाही. मी शिंकलो. कागदाला लाल मिरचीचा वास येत होता. "सॉरी काका," दारात उभी असलेली आरोही म्हणाली, "आमचा क्लास लालबागला आहे, मसाल्याच्या दुकानाच्या वर. खाली डंक चालू असतात, धडाधड मिरची कुटतात. आम्ही सगळे शिंकत शिंकतच इंग्लिश शिकतो." आरोही आमच्याच मजल्यावर राहते, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि मी परळच्या एका कॉलेजचा इंग्रजीचा निवृत्त विभागप्रमुख असल्यामुळे तिच्या घरची माणसं विरजण मागावं तितक्या हक्कानं माझ्याकडे इंग्रजी मागायला येतात. "एकच प्रश्न आहे. तुमचं इंग्लिश कसलं हेवी आहे काका, तुम्हीच चार ओळी लिहून द्या ना. मी माझ्या अक्षरात काढून घेईन." प्रश्न कागदाच्या तळाशी टाइप केलेला, इंग्रजीत. त्याचा अर्थ इतकाच, की वरील टिपणावर सही करणाऱ्याने सही करण्यापूर्वी ते वाचले होते का? कशावरून? क्लास कुणाचा, असं मी विचारलं, विचारायचं म्हणून. "घाडी मॅडमचा. कौसल्या घाडी. काय शिकवतात! पण एक नंबरच्या खडूस." स्वयंपाकघरातून पद्मजा म्हणाली, "अहो, ही तुमच्याच कॉलेजातली ना? ती एकदम यायची बंद झाली ती?" माझ्या बायकोला माझ्या नोकरीतलं फारसं काही आठवत नाही, आठवू नये ते मात्र नेमकं आठवतं. मी म्हटलं, असेल, घाड्या काय कमी आहेत लालबागेत. आणि आरोहीला सांगितलं, संध्याकाळी येऊन घेऊन जा.

गॅलरीतल्या खुर्चीत बसून कागद मांडीवर घेतला. पहिल्या तीन ओळी वाचल्या. पुढचं वाचायची गरज नव्हती. ते मला पाठ होतं, निदान पाठ आहे असं मी तीन वर्षं धरून चाललो होतो. 'साहित्य हा इंग्रजी विभागाचा प्राण आहे; लेखनकौशल्य हा त्याचा केवळ व्यवहार.' इंग्रजीत ते वाक्य याहून देखणं आहे. त्याला एक तोल आहे, अर्धविरामाशी ते थबकतं आणि मग जिना उतरल्यासारखं उतरतं. असं वाक्य मला कधी लिहिता आलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि आता या वयात सांगण्यात मजाही नाही; पण चौतीस वर्षं जगातली उत्तमोत्तम वाक्यं फळ्यावर लिहून त्यांच्याखाली रेघा मारणाऱ्या माणसाला स्वतःचं म्हणून एक पानभर सरळ इंग्रजी लिहायला बसवलं, की तो पेनाला टोपण लावून उठतो. मी वाचणारा माणूस. शब्दन् शब्द वाचणारा. एका कवितेच्या चौदा ओळींवर मी अकरा तास शिकवलेलं आहे, आणि बाराव्या तासाला मुलं संपली, कविता संपली नव्हती. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. कविता नाही, कादंबरी नाही, पोरंबाळंही नाहीत. वाचणं तेवढं होतं.

आमच्या विभागात टेबलं दोन. एक खिडकीशी, सागवानी, साहित्य शिकवणाऱ्यांचं. दुसरं पाण्याच्या कूलरशी, पत्र्याचं, 'कम्युनिकेशन' शिकवणाऱ्यांचं. त्याच्यावर कायम कुणाचा तरी ओला ग्लास असे. साहित्याचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर, वर्गात बारा मुलं, त्यांतली चार झोपलेली, पण ती झोपही एका दर्जाची. लेखनाचे वर्ग तळमजल्यावर, एका वर्गात एकशेवीस, शेजारी मुताऱ्या. पत्र कसं लिहावं, अर्ज कसा करावा, सभेचं इतिवृत्त कसं ठेवावं. या सगळ्याला आम्ही खिडकीशी बसणारे 'खालचं काम' म्हणत असू. मजल्याच्या अर्थानं. समोर कॉलेजच्या भिंतीपलीकडे पूर्वी गिरणी होती, आता काचेची इमारत आहे. कौसल्येचे वडील त्या गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. त्याच जागेवर उभ्या असलेल्या काचेत बसून जी पोरं आज दिवसभर ईमेल पाठवतात त्यांतली कितीतरी तिनं तळमजल्यावर शिकवलेली आहेत. वरच्या मजल्यावर मी शिकवलेली पोरं कुठे आहेत, याचा मी कधी तपास केला नाही. साहित्याचा असा तपास करायचा नसतो, असं मी त्यांना पहिल्याच तासाला सांगत असे.

कौसल्या मुळात माझीच. बी.ए.ला होती, माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर. मुलांच्या पेपरांवर मी लाल शाईनं एक शेरा मारत असे, माझा ठेवणीतला: 'भाषा आहे. मजकूर वाचलेला नाही.' दादर-गिरगावातल्या चांगल्या शाळांतून आलेली मुलं गुळगुळीत इंग्रजीत पानंच्या पानं भरत, आणि नाटक उघडूनही पाहिलेलं नसे. त्यांच्यासाठी तो शेरा. कौसल्येच्या पेपरवर मला तो उलटा करावा लागला. तिनं पाचही अंक वाचले होते, माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, आणि ती तिनं अशा मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिली होती, की वाचताना पायाला खडे टोचावेत. मी लिहिलं: 'मजकूर वाचला आहे. भाषा नाही.' मला वाटलं, फार मार्मिक लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी. "सर, भाषा नाही असं लिहिलंयत." मी म्हटलं, "बरोबर आहे." "मग ती कुठल्या मजल्यावर मिळते सर?" खिडकीशी हशा पिकला. मी म्हटलं, "अगं, भाषा अशी शिकवून येत नसते. वाचत राहा." ती वाचत राहिली की नाही, ठाऊक नाही. पाच वर्षांनी ती एम.ए. होऊन आमच्याकडेच शिकवायला आली तेव्हा तिची वाक्यं घासलेल्या तांब्यासारखी होती. कुठे शिकलीस, असं मी एकदा विचारलं. "रोज एक अर्ज लिहायचे सर. कुणाचाही. चाळीत कुणाला ना कुणाला अर्ज हवाच असायचा. पाणी येत नाही, रेशनकार्डावर नाव नाही, गिरणीचा हिशेब मिळाला नाही. साहेबानं उत्तर दिलं की समजायचं, इंग्रजी बरोबर होतं."

तिला तासिका तत्त्वावर घेतलेलं होतं; म्हणजे शिकवेल तेवढे तास तिचे, सुट्टी लागली की नोकरी संपली. दर एप्रिलला ती कॉलेजची कुणी नसे आणि दर जूनला आम्ही तिची नव्यानं मुलाखत घेत असू. प्राचार्य, मी, आणि बाहेरून आलेला एक तज्ज्ञ. बाहेरच्याला बरं वाटावं म्हणून मी विचारायचो, "आपलं नाव?" आणि ती सांगायची, "कौसल्या घाडी." "आपल्याला अध्यापनाचा काही अनुभव?" "आहे सर. याच कॉलेजात." एक वर्ष, चार वर्षं, नऊ वर्षं, तेरा वर्षं. मुलाखत संपली की बाहेर येऊन तीच आमच्यासाठी चहा सांगायची, कारण कँटीनवाला तिचंच ऐके. एकदा चहा पिता पिता म्हणाली, "आई विचारते सर, 'गो, दरवर्सा त्याच माणसांका नाव काय सांगूक जातंस? इसारतत काय ते?'" आम्ही सगळे खूप हसलो. मालवणी ही फार गोड भाषा आहे, यावर तज्ज्ञांनी पाच मिनिटं घेतली.

आणि विभागाचं सगळं लिखाण ती करायची. सुरुवात कशी झाली, आठवत नाही. विद्यापीठाला एक पत्र पाठवायचं होतं, मी सकाळपासून तीन कागद फाडले होते, ती कूलरशी पाणी पीत होती. मी म्हटलं, "कौसल्या, जरा ड्राफ्ट कर ना." ग्लास ठेवून तिनं उभ्या उभ्या सहा ओळी लिहिल्या. पत्राला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, असं आमच्या विभागाच्या इतिहासात घडलेलं नव्हतं. त्यानंतर विभागाचे अहवाल, समितीपुढचं निवेदन, कुणी गेलं तर शोकठराव, कुणी नुसताच निवृत्त झाला तर मानपत्र, सगळं तिचं. सही माझी. मी वाचत नसे. आधी आधी वाचत होतो. पण सुधारायला काही सापडेना, तेव्हा वाचण्यात अपमान वाटू लागला.

हे मी दुसऱ्या बाजूनं पाहिलेलं होतं, लहानपणी, गिरगावात. माझे वडील सचिवालयात हेडक्लार्क. आडनाव टिपणीस, आणि धंदा तोच. कुठल्याशा दरबारात आमचे पूर्वज टिपणं लिहीत, वडील मुंबई सरकारात. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून ते अभिमानानं सांगत, "साहेब माझा ड्राफ्ट वाचत नाहीत. डोळे मिटून सही करतात." आई कौतुकानं ऐके. मला मात्र लाज वाटायची. दुसऱ्याच्या सहीखाली जन्मभर लिहीत राहायचं आणि त्यानं ते वाचलं नाही याचा आनंद मानायचा, हे मला भांडी घासण्यासारखं वाटे. मी ठरवलं होतं, लिहिणार नाही; वाचीन. थोर असं जे आहे ते वाचीन, आणि दुसऱ्यांना वाचायला शिकवीन. चाळीत कुणाला अर्ज हवा असला की ते वडिलांकडे येत, आणि वडील नसले तर मी आतून सांगायचो, मला येत नाही. तेव्हा मला वाटायचं, मी खोटं बोलतोय. पुढे साहेब झालो. खिडकीशी बसलो, डोळे मिटले, आणि सही करू लागलो. वडील असते तर किती खूश झाले असते, कुठल्या बाजूनं ते सांगता येत नाही.

मी निवृत्त होणार होतो त्या वर्षी विभागात एकच जागा भरायला मिळाली होती, माझी. ती कशासाठी भरायची, साहित्यासाठी की लेखनासाठी, हे विभागप्रमुखानं लिहून द्यायचं होतं. लेखनासाठी म्हटलं तर कौसल्या घाडी. चौदा वर्षांच्या मुलाखतींनंतर पंधरावी, आणि मग पुन्हा कधी नाही. साहित्यासाठी म्हटलं तर शंतनु. शंतनु माझ्या हाताखाली पीएच.डी. झालेला, गोरा, हळू बोलणारा, कवितेची ओळ म्हणताना डोळे मिटणारा. मी गेल्यावर खिडकीशी कोण बसणार, हा प्रश्न होता, आणि कूलरशी बसणारीला उचलून खिडकीशी बसवणं मला दिसेना. तिच्याबद्दल वाईट असं माझ्या मनात काही नव्हतं. हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं आणि तीन वर्षं सांगत आलोय: जे केलं ते खात्रीनं केलं, साहित्यासाठी केलं, डोळे उघडे ठेवून केलं. माणसाला म्हातारपणी झोपेच्या गोळीबरोबर असं एखादं वाक्य लागतं.

टिपण लिहायला बसलो. सकाळची दहाची वेळ. पहिलं वाक्य झालं नाही. दुपारी एकपर्यंत पहिलं वाक्य झालं नाही. साहित्य का हवं, हे मी चौतीस वर्षं वर्गात बोलत आलो होतो. कागदावर ते घामट, ओशट, लग्नातल्या भाषणासारखं उतरत होतं. दोनला प्राचार्यांचा शिपाई येऊन गेला. कौसल्या तळमजल्यावरून आली, हाताला खडू, कूलरशी ग्लास धुतला. आणि माझ्या तोंडातून, शिंक आली की आईचं नाव निघावं तसं निघालं, "कौसल्या, जरा ड्राफ्ट कर ना." तिनं विचारलं, कशाबद्दल. मी सांगितलं. जागा साहित्याला मिळावी असं. पानभर. चार-पाच परिच्छेद. सांगून झाल्यावर मला कळलं मी काय सांगितलं ते. पण आता मागे घेणं म्हणजे आणखी वाईट दिसलं असतं. तिच्या हातातल्या ग्लासमधून पाणी गळत होतं. "माझ्याविरुद्ध लिहू, सर?" "तुझ्याविरुद्ध कुठे गं? विषयाच्या बाजूनं." "बरं," ती म्हणाली. "कधीपर्यंत हवंय?"

पाऊण तासात तिनं कागद माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर गेली. मी पहिलं वाक्य वाचलं आणि मला भरून आलं. साहित्याची इतकी चांगली बाजू आयुष्यात कुणी मांडली नव्हती. मी तर नाहीच. मनात आलं, पाहा, हिला किती पटलंय. शेपटी ओढून सही केली. बाहेर आलो तर नोटिसबोर्डाखालच्या बाकावर ती बसलेली, पुढचा तास सुरू झाला होता तरी. उठून उभी राहिली. "झालं, सर?" "झालं." "वाचलंत?" आणि मी तिच्या खांद्यावर थोपटून म्हणालो, "अगं, तू लिहिल्यावर वाचायचं काय?" याहून मोठी शाबासकी मला येत नव्हती. माझ्या वडिलांना कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनी त्या दिवशी घरी पेढे आणले असते. कौसल्येनं बाकावरची पर्स उचलली आणि तळमजल्यावर गेली, एकशेवीस मुलांकडे. समितीत प्राचार्यांनी पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला, म्हणाले, "वा टिपणीस, काय लिहिलंय! पुढचं वाचायलाच नको." सात जणांनी सह्या केल्या. कागद गेला. जूनमध्ये शंतनु खिडकीशी बसला, आणि जूनमध्ये मुलाखतीला कौसल्या घाडी आल्याच नाहीत. चहा सांगायला कुणी नव्हतं.

पुढचं विनोदी आहे. नवं धोरण आलं, विषय निवडायची मुलांना मोकळीक मिळाली, आणि साहित्याला सहा मुलं उरली. पुढच्या वर्षी दोन. त्यांतलं एक चुकून आलेलं. तिसरा मजला कसल्याशा कौशल्य केंद्राला दिला. गेल्या दिवाळीत शंतनु फराळाला आला होता. चकलीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "सर, मी आता खाली शिकवतो. अर्जलेखन, ईमेल शिष्टाचार. कपाटात घाडी मॅडमच्या जुन्या नोट्स सापडल्या, त्यावर भागवतोय. त्या नसत्या तर मेलो असतो." डोळे मिटून म्हणाला, कवितेची सवय. मी त्याला आणखी एक चकली वाढली.

आणि हा कागद आता माझ्या मांडीवर. तिनं प्रत ठेवली होती तर. नावं झाकून, पट्टी लावून, मिरचीच्या धुरळ्यात बसलेल्या पंचवीस पोरांना वाटली होती: सही करणाऱ्याने वाचले होते का? हा काय प्रश्न झाला? माझ्यावर काय आरोप करायचा तो कर. अन्याय केला म्हण, शंतनुला ओढलं म्हण. पण वाचलं का, हे मला विचारायचं? मी पेन काढलं. चमत्कार म्हणजे त्या दिवशी मला लिहिता आलं. सहीवाला टिपणाशी किती एकजीव आहे, वाक्यांच्या तोलातून त्याची निष्ठा कशी जाणवते, विरोधी बाजूबद्दलचं मौन हे अज्ञानाचं नसून संयमाचं कसं आहे, असा आवाज केवळ वाचलेल्याच नव्हे तर जगलेल्या मजकुराचा कसा असतो. दीड पान. संध्याकाळी आरोही आली, वाचून म्हणाली, "बापरे! यातले निम्मे शब्द मला माहीत नाहीत. मस्त!" पद्मजा दार लावता लावता म्हणाली, "तुम्ही तो कागद पुरता वाचलात का हो? मगाशी पाहिलं तर नुसते लिहीतच होतात." मी म्हटलं, मला पाठ आहे तो.

नंतरचे पाच दिवस बरे गेले नाहीत. सकाळी शिवाजी पार्कला फेरी मारताना वाटायचं, तिला कळेल का? मग वाटायचं, कळू दे, कळायलाच हवं. उद्यान गणेशाच्या देवळाशी नेहमीची मंडळी भेटत, गुडघ्यांबद्दल बोलत, आणि मला मध्येच त्या टिपणातलं पुढचं एखादं वाक्य आठवून पाहावंसं वाटे. पहिलं आठवायचं. दुसरं आठवायचं. तिसऱ्याचा सूर आठवायचा, शब्द नाहीत. पुढे एक पांढरी जागा. म्हातारपण, मी म्हणायचो. झेरॉक्स आरोहीकडे होती. मागायला गेलो नाही. तिच्या दारावरून दोनदा गेलो, तिसऱ्यांदा तिच्या आईनं विचारलं, काका, काही हवंय का? मी म्हटलं, विरजण.

सहाव्या दिवशी आरोही आली ती तोंड पाडून. "काका, शून्य." उत्तराच्या कागदाला टिपण टाचलेलं होतं. आरोहीच्या अक्षरातल्या माझ्या दीड पानावर एकही खूण नव्हती, एकही शब्द कापलेला नव्हता. तळाशी लाल शाईत, मी ज्या जागी मारत असे त्याच जागी, दोन छोटी वाक्यं. इंग्रजीतच, पण मला ती मराठीतच ऐकू आली. 'भाषा आहे. मजकूर वाचलेला नाही.' मला शिंक आली नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं, मिरचीचा कागद होता. "मॅडम काही बोलल्या?" "काही नाही. हसल्या फक्त. म्हणाल्या, हे ज्यांनी लिहून दिलं त्यांना सांग, चौथा परिच्छेद. आणि पहिला प्रश्न सुटला की खालचा दुसरा सोडवा. काका, चौथ्यात काय आहे?" मी म्हटलं, "तू वाचलं नाहीस?" "तुम्ही वाचलंत म्हणून मी नाही वाचलं."

चौथा परिच्छेद आठ ओळींचा होता. पाच ओळी साहित्याच्या, तितक्याच देखण्या, त्याच चालीच्या. सहावी ओळ मध्येच साधी झाली होती, कुणी पायातली वहाण काढून अनवाणी उभं राहावं तशी. तिचं मराठी मी करतो; माझ्या हातून जेवढं साधं होईल तेवढं. 'सर, तुम्ही इथपर्यंत वाचत आला असाल तर सही करण्याआधी मला हाक मारा. मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी बाहेर बाकावर बसले आहे.' आणि सातव्या ओळीपासून पुन्हा साहित्य.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. ही ओळ प्राचार्यांच्या टेबलावर गेली होती, सात सह्यांखालून गेली होती, सरकारात कुठल्याशा फायलीत आजही आहे, आणि तिथे ती सुरक्षित आहे. बाकावर ती त्या हाकेची वाट पाहत बसली होती. "झालं, सर?" असं विचारलं होतं तिनं. आणि मग, "वाचलंत?"

"काका," आरोहीनं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं होतं, "म्हणजे सही करणाऱ्यानं वाचलंच नव्हतं! काय मॅड माणूस असेल ना?" मी म्हटलं, हो. "मग पहिल्याचं उत्तर: नाही. कारण: चौथा परिच्छेद. सिंपल." तिनं टिपण उलटून लिहून टाकलं, आणि लाल शाईखालचा दुसरा प्रश्न वाचला, हातानं लिहिलेला. 'समजा, त्यांनी ती ओळ वाचली असती. तर त्यांनी काय केलं असतं? एका वाक्यात. खरं.'

"हाक मारली असती, नाही का?" आरोही म्हणाली. पेन टेकवलंच होतं तिनं. मी म्हटलं, थांब. आत कुकरची शिट्टी झाली, पद्मजाचा आवाज आला, बंद करा हो. मी हललो नाही. मी त्या टेबलाशी बसलो होतो, सागवानी, खिडकीशी. दोनचा शिपाई येऊन गेलेला, शंतनुला शब्द दिलेला, कागद समोर. सहावी ओळ मी वाचतो. दचकतो. आणि मग मला स्पष्ट ऐकू येतो, बाकापर्यंत पोचेल इतका मोठा, प्रेमळ, थोडा वैतागलेला, माझा आवाज.

"लिही," मी म्हटलं. "'त्यांनी तिला आत बोलावून सांगितलं असतं, ही ओळ तेवढी काढ, आणि मग सही केली असती.'"

आरोहीनं लिहून घेतलं. मग मला वाचून दाखवलं. "हे बरोबर असेल काका," ती म्हणाली. "यातले सगळे शब्द मला येतात." मी तिच्या हातातून कागद घेतला आणि वाक्य पहिल्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत वाचलं. सुधारण्यासारखं काही सापडलं नाही. खिशातलं पेन तोवर हातात आलं होतं आणि मी सवयीनं खाली सहीची जागा शोधत होतो.